इंटरफेस मधेच गायब, आवाजात कडकड, परत परत तेच: आधी घड्याळ बघा, मग केबल बदला

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी माडीवर एक खोली आहे, तिथे मी आणि वाड्यावरचे पाच-सहा जण मिळून आरत्या रेकॉर्ड करतो, घुमट (मडक्याचं तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल), कांसाळं (मोठी झांज) आणि गाणारे, बस. सेटअप एकदम साधा, एक लॅपटॉप, दोन माइकचा युएसबी इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), दोन कंडेन्सर माइक (ज्यांना चालायला वीज लागते ते), एक जोडी पॉवर्ड स्पीकर. आणि एवढ्याशा सेटअपने मला सलग तीन पावसाळे रडवलंय. सुरुवातीला सगळं मस्त चालतं, मग थोड्या वेळाने मधेच कडकड येते, कधी पाठीमागे घूंऽऽ असा आवाज, आणि कधी तर सरळ सॉफ्टवेअर म्हणतं डिव्हाइस सापडत नाही. केबल काढून परत लावली की चालू, अर्ध्या तासाने परत तेच. नवीन केबल आणली, चार दिवस बरं चाललं, परत सुरू. लॅपटॉप फॉरमॅट मारला, आठवडाभर बरं, परत सुरू. एका दुकानात तर सांगितलं की इंटरफेसच गेलाय, नवा घ्या. मी घेतला नाही, तो इंटरफेस आजही चालतोय.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण सांगतो. आमच्यात गाणारे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना ज्या आरत्यांची कडवी येतात ती कुठे लिहिलेली नाहीत, आणि ते एकदा तल्लीन होऊन म्हणतात तेव्हा जे येतं ते दुसऱ्यांदा येत नाही. चौथ्या कडव्याला इंटरफेस गेला की त्यांना "काका, परत एकदा" म्हणायला माझी जीभ वळत नाही. घुमटाला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला ते चांगलंच झालं, पण त्याच्यासोबत जे गायलं जातं ते घराघरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच आहे आणि ते आत्ताच धरून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर आता प्रॉब्लेम. माझी सगळ्यात मोठी चूक अशी झाली की तीन वेगळी दुखणी मी एकच समजून उपाय करत राहिलो. एक बरं झालं की दुसरं डोकं वर काढायचं आणि मला वाटायचं तेच परत आलं. हे कळलं कसं, तर माझी पुतणी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती, तिला मी म्हटलं की ज्या ज्या वेळी गडबड होईल तेव्हा घड्याळात किती वाजले आणि कसला आवाज आला एवढंच लिही. त्या दिवशी इंटरफेस तीनदा गेला. वहीत लिहिलेलं होतं ७:००, ७:१५, ७:४५. साडेसातला गेला नाही. हे बघून मी थबकलोच, कारण सैल केबल काही घड्याळ बघून सुटत नाही.

दर पंधरा मिनिटांनी काय होतं? मीच लावलेलं बॅकअप. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर होतं आणि दर पंधरा मिनिटांनी त्याची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते, अशी सेटिंग मी मागे कधीतरी केली होती आणि विसरून गेलो होतो. ती हार्ड डिस्क आणि इंटरफेस दोन्ही एकाच छोट्या हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर. डिस्क काम नसलं की झोपते, पंधरा मिनिटांनी तिला उठवलं की फिरायला सुरुवात करताना ती नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. आणि हबला स्वतःचा अॅडाप्टर नव्हता, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टमधून जे काय मिळतं तेच सगळ्यांनी वाटून खायचं. युएसबी २ च्या पोर्टला ठरलेला करंट ५०० मिलिअँपिअर आणि युएसबी ३ च्या पोर्टला ९००. माझ्या इंटरफेसला वेगळा अॅडाप्टर नाही, तो पोर्टच्या ५ व्होल्टवरच जगतो आणि त्याच ५ व्होल्टमधून कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट (यालाच फँटम पॉवर म्हणतात) तयार करून देतो, म्हणजे माइक जोडले की त्याची भूक वाढते. डिस्क उठली, तिने मोठा घास घेतला, इंटरफेसचं व्होल्टेज पडलं, आणि तो गेला.

मग साडेसातला का नाही गेला? कारण तेव्हा फक्त काका गात होते आणि घुमटावरचा माइक काढलेला होता. एकच कंडेन्सर चालू, तेवढं जेमतेम निभावून गेलं. आणि म्हणूनच मी एकटा रात्री बसून टेस्ट करायचो तेव्हा कधीच बिघाड व्हायचा नाही, कारण एकट्याने टेस्ट करताना मी एकच माइक लावायचो. दोन वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून माझं सांगणं हे की टेस्ट करताना रेकॉर्डिंगच्या दिवशी जे जे जोडलेलं असतं ते सगळं जोडा, फँटम पॉवर चालू करा, डिस्क लावा, हेडफोन लावा, आणि तासभर तसंच चालू ठेवा, नाहीतर त्या टेस्टला अर्थ नाही.

उपाय सोपा निघाला. इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला, डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, आणि बॅकअप सगळं संपल्यावर हाताने. ज्यांच्या लॅपटॉपला एकच पोर्ट आहे त्यांनी हब घ्या पण अॅडाप्टर असलेलाच घ्या. आणि विंडोजवाल्यांनी आणखी एक काम करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, युएसबी रूट हब असं जे जे दिसेल त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते, ती काढा. पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स सेटिंगमध्ये युएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं तेही डिसेबल करा. जोडलेली वस्तू रिकामी बसलीय असं वाटलं की कॉम्प्युटर तिला झोपवायला बघतो आणि कधीकधी ती झोपेतून नीट उठतच नाही.

आता केबलबद्दल. केबल निर्दोष असते असं मी म्हणत नाहीये. इंटरफेसच्या मागे तो चौकोनी युएसबी-बी सॉकेट असतो ना, तो आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत कसा होतो ते टॉर्च मारून बघा. माझ्या जुन्या केबलच्या तोंडात चार पट्ट्यांपैकी एकीवर हिरवट पापुद्रा धरला होता, नखाने खरवडला तर पूड पडली. परीक्षा अशी करा, इंटरफेसचा लाइट बघत बघत प्लग बोटाने अगदी हलका वर-खाली हलवा, लाइट लुकलुकला तर प्लग किंवा सॉकेट सैल. लाइट स्थिर राहिला आणि तरी आवाज तुटतोय तर कारण दुसरीकडे शोधा. स्वच्छ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, सगळं बंद करून मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. खोबरेल तेल वगैरे लावू नका, धूळ धरतं.

आणि मोबाइलच्या चार्जिंगची केबल इंटरफेसला लावू नका, काहींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, लाइट लागतो आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही, मग माणूस ड्रायव्हर टाकत बसतो. टाइप-सी आलं तेव्हापासून हा गोंधळ वाढलाय. भोक एकसारखं दिसतं पण त्याच्या मागे काय आहे ते वेगळं असू शकतं, काही सी पोर्ट युएसबी २ च्या वेगाचे, काही ३ चे, आणि शेजारी विजेची खूण असेल तर बहुतेक थंडरबोल्ट. सी हा फक्त तोंडाचा आकार आहे, वेग नाही. पण हेही सांगतो की वेगासाठी जीव काढायची गरज नाही. दोन ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, गुणाकार करून बघा, सेकंदाला साधारण २३ लाख बिट होतात, म्हणजे २.३ मेगाबिट. २००० साली आलेल्या युएसबी २ ची लाइन ४८० मेगाबिटची. रुंद हायवेवर दोन सायकली चालल्यासारखं आहे. तेव्हा आवाज तुटतो म्हणून कोणी थंडरबोल्टचा महाग इंटरफेस घ्यायला सांगत असेल तर थांबा, तुमचं दुखणं बहुधा वेगाचं नाहीच.

दुसरं दुखणं म्हणजे ती घूं. ही पकडली लाइट गेली तेव्हा. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर पाऊस, आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, मी हेडफोन काढला नव्हता, आणि एकदम कानात शांतता पसरली, एवढी स्वच्छ की खिडकीबाहेर पागोळ्या पडतायत त्या एकेक ऐकू आल्या. लाइट आली, घूं परत आली. मग मी लॅपटॉपचा चार्जर काढून बघितला, घूं गेली. चार्जर लावला, आली.

कारण असं की माझा तीन पिनांचा चार्जर एका भिंतीच्या सॉकेटला आणि पॉवर्ड स्पीकर समोरच्या भिंतीच्या सॉकेटला. दोघांची अर्थिंगची तार वेगवेगळ्या वाटांनी खाली जाते, आणि इकडे ऑडिओ केबलने पण दोघं जोडलेले, म्हणजे अर्थच्या तारेचा एक मोठा गोल तयार होतो आणि त्या गोलात घरातली ५० हर्ट्झची वीज शिरते, त्या गोलाला ग्राउंड लूप म्हणतात. ही घूं ओळखायची एक युक्ती पेटीवाल्यांसाठी: घूं चालू असताना पेटीवर तिचा सूर शोधा. पांढरी पाच आणि त्याच्या किंचित वर असा लागला तर ती विजेचीच, कारण खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचची कंपनसंख्या ९८ आणि विजेची घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर असते. कान तयार असेल तर हे मीटरपेक्षा लवकर कळतं.

उपाय म्हणजे सगळं, लॅपटॉप, स्पीकर, जे काय असेल ते, एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. माझी ऐंशी टक्के घूं एवढ्यानेच गेली. उरलेली इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल टाकल्यावर गेली, म्हणजे ती पाव इंची पिन ज्यावर दोन काळ्या रिंगा असतात. एक रिंग असलेली गिटारची केबल तिथे वापरू नका. आणि हात जोडून सांगतो, चार्जरची किंवा स्पीकरची अर्थची जाड पिन तोडू नका. घूं जाते हे खरं, मी लोकांना करताना पाहिलंय, पण मग काही बिघडलं तर करंट माइकच्या जाळीतून गाणाऱ्याच्या ओठाला लागू शकतो. आमच्या अंगणात एवढी लहान मुलं घुमट वाजवायला येतात, असली जोखीम घ्यायचीच नाही. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, ते बरं.

अर्थिंगवरून आठवलं. आमच्याकडे जमीन चिऱ्याची, एप्रिल-मेमध्ये अर्थचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. आमच्या वायरमनने खड्डा तपासला, कोळसा-मीठ परत भरलं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, तेव्हापासून झिणझिण्या नाहीत. हे वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

बॅटरीवर रेकॉर्ड करताना मात्र एक गोष्ट सांभाळा, लॅपटॉप आपोआप बॅटरी सेव्हरमध्ये जातो, प्रोसेसर हळू होतो, आणि मग तिसरं दुखणं सुरू होतं, ती कडकड.

कडकड म्हणजे टिक्, टिक्-टिक्, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. इथे वीज किंवा केबल नाही, कॉम्प्युटर वेळेवर पोचत नाही. आवाज एकेक थेंबाने जात नाही, आधी छोट्या भांड्यात भरतो आणि मग भांडं पुढे सरकवलं जातं, त्या भांड्याला बफर म्हणतात. २५६ सॅम्पलचं (सॅम्पल म्हणजे आवाजाचा एकेक नमुना) भांडं ४८ किलोहर्ट्झला साधारण ५.३ मिलिसेकंदात भरतं. एवढ्या वेळात कॉम्प्युटरने आधीचं भांडं रिकामं करून परत द्यायचं असतं, आणि त्या क्षणी तो वायफायशी किंवा अँटिव्हायरसशी बोलत बसला तर भांडं वेळेवर येत नाही, तिथे भोक पडतं, तीच टिक्. भांडं मोठं केलं, ५१२ किंवा १०२४, की टिक् जाते पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. १०२४ ला नुसतं एका बाजूने २१ मिलिसेकंद, जायला-यायला मिळून चाळीसच्या वर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्वतःचाच आवाज चौदा-पंधरा मीटरवरून, अंगणाच्या पलीकडून आल्यासारखा. घुमटवाल्याचा ठेका त्याने ताबडतोब मोडतो, आमच्याकडे मोडलाच.

म्हणून मी असं करतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटन किंवा नॉब असतो, तो चालू, म्हणजे गाणाऱ्याला आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट मिळतो, उशीर नाहीच. सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद, नाहीतर दोनदा ऐकू येतं. मग बफर आरामात ५१२ ठेवा. विंडोजवर ड्रायव्हर मात्र इंटरफेसच्या कंपनीचा आसिओच (ASIO, रेकॉर्डिंगसाठीचा खास ड्रायव्हर) टाका, विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडलेला असला की दुखणं अर्ध तिथेच असतं. मॅकवाल्यांना बहुतेक वेळा हा प्रश्न येत नाही, तिथे कोअर ऑडिओ आतच आहे. तरी टिक् राहिली तर वायफाय बंद करून दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघा. माझी टिक् तिथे गेली. लेटन्सीमॉन नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी दाखवतं, अंदाज करत बसण्यापेक्षा ते चालवा.

एक तोतया मात्र सांगायलाच हवा कारण त्याने माझे दोन महिने खाल्ले. जुलैमध्ये कडकड येते, बफर वाढवून जात नाही, वायफाय बंद करून जात नाही, आणि पुतणीच्या वहीत वेळ कायम पहिल्या वीस मिनिटांतलीच, नंतर आपोआप बंद. ही कॉम्प्युटरची नव्हेच, ही कंडेन्सर माइकच्या आतल्या पडद्यावर बसलेल्या दमटपणाची. तो माइक काढून साधा डायनॅमिक माइक त्याच चॅनेलला लावा, स्वच्छ आला तर नक्की समजा. मी आता माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

बाकी दोन-तीन गोष्टी ज्या लोक मला वारंवार विचारतात त्या पटकन. आवाज रेकॉर्ड होतो पण ऐकताना सूर चढलेला वाटतो आणि लय पळते: सॅम्पल रेट जुळत नाही. ४४.१ ला घेतलेलं ४८ ला वाजलं तर साधारण दीड अर्धस्वर वर जातं (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर), म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. सॉफ्टवेअर, इंटरफेसचा पॅनल आणि विंडोजची साउंड सेटिंग तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. कीबोर्ड मिडीने जोडला पण आवाज येत नाही: मिडीतून आवाज जातच नाही, १९८३ पासून ती फक्त स्वरलिपी पाठवते, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढंच, वाजवणारं वाद्य कॉम्प्युटरमध्ये आधी लोड करावं लागतं, किंवा कीबोर्डचा लाइन आउट वेगळा इंटरफेसला जोडा. आणि मिक्सरची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातलीय पण फाटका आवाज येतो: त्या भोकातला माइकचा भाग मोबाइलच्या हेडसेटसाठी असतो, अगदी बारीक सिग्नलसाठी, आणि तोही मोनो. मिक्सरचा दणका तिथे मावत नाही, मधे इंटरफेस हवाच.

घुमटाच्या गेनबद्दल (इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा त्याबद्दल) जाता जाता, मडक्याच्या मागच्या तोंडातून जो हवेचा धक्का येतो तो माइकला समोरून देऊ नका, थोडा तिरपा, दीड-दोन हात लांब ठेवा, आणि सगळ्यात जोराच्या थापेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. लाल लागलं की ते नंतर कशानेच दुरुस्त होत नाही.

या वर्षी आम्ही काकांच्या अकरा आरत्या सलग घेतल्या, दोन तास वीस मिनिटं, इंटरफेस थेट डाव्या पोर्टला, चार्जर काढलेला, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, वायफाय बंद. वहीत पुतणीने फक्त एक वेळ लिहिलीय, ८:१०, आणि पुढे "पोदेराचा भोंगा", म्हणजे पाववाल्याचा. तो रेकॉर्डिंगमध्ये आलाय, तिसऱ्या आरतीच्या शेवटी, आणि काकांनी सांगितलंय की तो तसाच राहू दे.